मक्यावरची लष्करी अळी थंडीने मरते का?

प्रश्न : रब्बी मक्याच्या पोंग्यात लष्करी अळी दिसते आहे. थंडी वाढली की ती आपोआप मरेल ना? – एक शेतकरी, जालना जिल्हा

उत्तर : या अमेरिकी अळीला सुप्तावस्था नसते, म्हणून गोठवणाऱ्या थंडीत ती तगत नाही. अमेरिकेत ती दक्षिण फ्लोरिडा आणि दक्षिण टेक्साससारख्या उबदार भागात हिवाळा काढते. तिचे पतंग दरवर्षी तिथून उत्तरेकडे पसरतात. महाराष्ट्रातली थंडी तेवढी कडक नसते. इथे अळीची वाढ फक्त मंदावते. भारतात २०१८ मध्ये आढळल्यापासून ती टिकून आहे, त्यात पाठोपाठ घेतल्या जाणाऱ्या मक्याचाही हात आहे. जोरदार पावसात मात्र पोंग्यातल्या लहान अळ्या बुडून मरतात.

वेळीच लक्ष दिल्यास पीक वाचते. अंडीपुंज चिरडावेत, टेहळणीसाठी कामगंध सापळे लावावेत, अळी लहान असतानाच ५ टक्के निंबोळी अर्क थेट पोंग्यात फवारावा. रासायनिक औषध शिफारशीतलेच घ्यावे आणि फवारणीनंतर लेबलवरची मुदत संपेपर्यंत त्या मक्याचा चारा जनावरांना घालू नये.