थर्माकोल, पीएलए आणि खारीचे पदर

मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने प्लास्टिकबरोबर थर्माकोलवरही बंदी आणली, आणि डोंबिवलीत गणपतीची मखरं करणाऱ्यांना पुठ्ठा, कापड शोधावं लागलं. थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीन. त्यात ९५ टक्क्यांहून जास्त हवाच! मग मका किंवा उसापासून बनणारं, कुजणारं पीएलए तसंच फुगवलं तर? कल्पना झकास, पण पीएलए सहजासहजी फुगत नाही.

फोम करताना वितळलेल्या पॉलिमरमध्ये दाबाखाली गॅस विरघळवतात आणि दाब एकदम सोडतात. सोड्याची बाटली उघडल्यासारखं! बुडबुडा वाढतो तशी त्याची भिंत ताणली जाते. कणीक ताणली की लांबते, ज्वारीचं पीठ तुटतं. साधं पीएलए या बाबतीत ज्वारीच्या गटातलं. त्याच्या साखळ्या सरळ, बिनफांद्यांच्या, त्यामुळे एकमेकींवरून चटकन घसरतात. भिंत फाटते, बुडबुडे एकत्र होतात, गॅस पळतो आणि फोम बसतो.

लॅबमध्ये आपण मेल्ट फ्लो इंडेक्स काढतो: १९० अंश सेल्सिअस, २.१६ किलोचं वजन, १० मिनिटांत किती ग्रॅम बाहेर आलं. पण हा आकडा ढकलल्यावर माल कसा वाहतो ते सांगतो, ताणल्यावर टिकेल का ते नाही. आकडा सारखा असूनही एक ग्रेड छान फुगते, दुसरी बसते. शिवाय दाणे नीट वाळवले नाहीत तर ओलावा गरम पीएलएच्या साखळ्या तोडतो आणि इंडेक्स वाढतो. म्हणजे आपल्याकडच्या जुलैत तुम्ही पॉलिमर नाही, पाऊस मोजता!

इथे माती कामाला येते. माँटमोरिलोनाइट ही खारीसारखी पदरांची माती. एक पदर साधारण १ नॅनोमीटर जाड. जपानच्या टोयोटाने १९८० च्या दशकात नायलॉनमध्ये असे पदर सुटे केले, तिथून हा विषय वाढला. पीएलएमध्ये सुट्या पदरांपाशी बुडबुडे सुरू होतात, म्हणून ते बारीक आणि पुष्कळ होतात. शिवाय मेल्ट घट्ट होतो, भिंत जास्त वेळ तग धरते.

मात्र माती वाढवत नेली तर गोळे होतात, आणि पातळ भिंतीत गोळा म्हणजे भोक. पदर सुटे करायला जी सेंद्रिय रसायनं लावतात, त्यांपैकी काही तापल्यावर पीएलएच्याच साखळ्या तोडतात. म्हणून माती ३ ते ५ टक्क्यांच्या आसपास ठेवून, सोबत साखळ्या जोडणारं चेन एक्स्टेंडर घालणं मला जास्त पटतं.

आणि हो, पीएलए कुजतं ते साधारण ५८ अंशांच्या गरम कंपोस्टमध्ये. त्याचं मखर खाडीत सोडलं तर ते थर्माकोलसारखंच तरंगत राहील.