गारा कोणावरच विश्वास का ठेवत नाही? : 'नारुतो'मधल्या एका खलनायकाचा अभ्यास



सातवीला 'माझे आवडते पात्र' हा निबंध दिला होता. शिवाजी महाराज आले, श्यामची आई आली, छोटा भीमही आला. एका वहीत मात्र शीर्षक होतं, 'गारा'. मला वाटलं, पोरगं विषय चुकलं, पावसावर लिहिलंय. वाचलं तर तो जपानी कार्टूनमधला कोणीतरी निघाला. निबंध जेमतेम सहा ओळींचा. शेवटी लिहिलं होतं, 'त्याचं बरोबर आहे. कोणावर विश्वास ठेवलाच नाही तर कोणी फसवू शकत नाही.'

शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या आणि वही मिटली. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. दिवाळीच्या सुट्टीत बसून ती मालिका बघायला घेतली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 'नारुतो' ही मासाशी किशिमोतो यांची चित्रकथा. जपानमध्ये ती १९९९ ते २०१४ साप्ताहिकातून आली आणि २००२ पासून तिची ॲनिमे मालिका झाली. आपली मुलं ज्याला सरसकट कार्टून म्हणतात त्याला तिकडे ॲनिमे म्हणतात. गोष्ट निन्जांच्या गावांची आहे. नायक नारुतो आणि वाळूच्या गावचा गारा, दोघांच्याही शरीरात जन्माच्या वेळीच मोठ्यांनी एकेक राक्षसी शक्ती कोंडलेली. त्यामुळे दोघांनाही गाव घाबरतं आणि वाळीत टाकतं. म्हणजे सुरुवात दोघांची सारखीच. तरी एक नायक होतो आणि दुसरा माणसं मारत सुटतो.

वाळूचं कवच

गाराभोवती कायम वाळू असते. कोणी मारायला आलं की ती आपोआप आडवी येते. त्याने सांगावंही लागत नाही. त्यामुळे लहानपणी त्याला कधी साधं खरचटलंसुद्धा नाही. 'दुखणं म्हणजे काय?' असं तो मामाला विचारतो. हा मामा, यशामारू, म्हणजे त्याच्या आईचा भाऊ. आई बाळंतपणात गेली, वडील गावप्रमुख, त्यांना मुलापेक्षा त्याच्यातल्या शस्त्रात रस. गाराला जवळ घेणारा माणूस एकच, मामा. तो त्याला समजावतो की अंगाच्या जखमेला औषध असतं, पण मनाच्या जखमेवर दुसऱ्याचं प्रेम हाच उपाय. हे ऐकून सहा वर्षांचा गारा, ज्या मुलीला त्याच्या हातून लागलं होतं तिच्या दारात मलम घेऊन जातो. ती त्याला राक्षस म्हणते आणि दार लावून घेते.

त्याच रात्री एक बुरखाधारी मारेकरी त्याच्यावर हल्ला करतो. वाळू गाराला वाचवते आणि मारेकऱ्याला चिरडते. बुरखा काढला तर आत मामा.

इथे जरा थांबून बघावं असं काहीतरी घडतं. मामा सांगतो, तुझ्या वडिलांचा हुकूम होता. गाराला हायसं वाटतं! हुकूमच होता, मामा तरी काय करणार? इतकं होऊनही पोरगं विश्वास टिकवायला कारण शोधतंय. मामा तेही कारण काढून घेतो. नाही म्हणता आलं असतं, पण माझी बहीण तुझ्यामुळे गेली, मनातून मी तुझा द्वेषच केला, आणि तुझ्या आईचंही तुझ्यावर प्रेम नव्हतं, असं सांगतो. त्यानंतर गारा वाळूनेच कपाळावर 'प्रेम' हे जपानी अक्षर कोरून घेतो. आता प्रेम फक्त स्वतःवर, आणि जगायचं ते इतरांना मारण्यासाठी.

आपण शिक्षक अशा मुलाला पटकन 'स्वभावच तसा' म्हणून मोकळे होतो. पण गाराचा अविश्वास स्वभावातून आलेला नाही. समोर आलेल्या पुराव्यावरून त्याने काढलेलं ते अनुमान आहे, आणि त्या वयात, तेवढ्या माहितीवर ते अनुमान चूक म्हणता येत नाही. म्हणून 'अरे, विश्वास ठेवायला शिक' हा उपदेश अशा मुलाच्या कानाबाहेरच राहतो.

डी.एड.ला आपण सगळ्यांनी एरिक्सन पाठ केला आहे. १९५० च्या पुस्तकात त्याने विकासाच्या आठ अवस्था मांडल्या, त्यातली पहिली 'विश्वास विरुद्ध अविश्वास', तान्हेपणातली. परीक्षेत मी ती एक वय आणि एक खूण अशी तक्त्यात लिहून आलो होतो. गारा त्या तक्त्यात नीट बसत नाही. मामामुळे त्याला विश्वास मिळाला होता, तो सहाव्या वर्षी मोडला. थोडा अविश्वास माणसाला लागतोच, असं एरिक्सनही म्हणतो. गाराकडे मग दुसरं काही उरलंच नाही.

एक शिक्षक

आता नारुतोकडे बघा. पहिल्याच भागात त्यालाही हेच ऐकवलं जातं. मिझुकी नावाचा शिक्षक सांगतो की ज्या इरुका सरांना तू आपलं मानतोस तेही तुझा द्वेष करतात, कारण तुझ्यातल्या राक्षसानेच त्यांचे आईवडील मारले. आईवडील गेले हे खरंच असतं. यशामारूची बहीण गेली, इरुकाचे आईवडील गेले, दोघांना राग यायला कारण सारखंच. पण नारुतोवर फेकलेलं शस्त्र इरुका स्वतःच्या पाठीवर घेतो. 'तुझा द्वेष करतात' हे शब्द कानात आहेत आणि डोळ्यांसमोर सर रक्तबंबाळ. मुलाने कशावर विश्वास ठेवायचा?

मला वाटतं नायक आणि खलनायक यांच्यातलं अंतर एवढंच आहे. एकाला ऐकलेल्याच्या विरुद्ध पुरावा लगेच मिळाला, दुसऱ्याला ऐकलेलं त्याच माणसाच्या तोंडून पक्कं झालं.

पुढे परीक्षेच्या लढतीत गारा रॉक ली नावाच्या मुलाचा हात-पाय चिरडतो. तो जीव घेणार तेवढ्यात लीचे गुरू गाय मध्ये पडतात (मुलं या नावाला हसतात, हसू द्यावं). गारा गोंधळतो. हरलेल्याला कशाला वाचवायचं? माझा लाडका विद्यार्थी आहे म्हणून, असं उत्तर येतं. गाराच्या हिशोबात ही गोष्ट बसतच नाही. नंतर एका लढतीत त्याचं कवच फुटतं, पहिल्यांदा स्वतःचं रक्त दिसतं आणि तो किंचाळतो. कवचाने त्याला वाचवलं खरं, पण जखम सोसायची सवय लागू दिली नाही.

आणि कितीतरी पुढे वडिलांकडूनच कळतं की मामाचे ते शब्दही हुकमाचेच होते. आई शेवटच्या श्वासापर्यंत त्याला जपायचंच म्हणत होती, आणि ती वाळू म्हणजे तिचीच माया.

वर्गात घेताना

मारामारी बरीच आहे, त्यामुळे सातवीच्या खाली नको, आणि भाग आधी स्वतः बघा. मी प्रसंग तोंडीच सांगितला आणि एकच प्रश्न ठेवला: 'यशामारू खरं बोलत होता का? कशावरून?' तासभर चर्चा झाली. एक मुलगी म्हणाली, 'द्वेष होता तर इतकी वर्षं मलमपट्टी का केली?' एकाने सांगितलं, 'सर, बोललेलं आणि केलेलं वेगळं असेल तर केलेलं धरायचं.' निबंध लिहिणारा मुलगा मात्र गप्प होता.

त्याचं कारण मला माहीत होतं. पहिल्या सत्रात त्याने घरातली एक गोष्ट मला सांगितली होती, कोणाला सांगू नका म्हणून. पालकसभेत मी ती त्याच्या वडिलांसमोर काढली. चांगल्या हेतूने. मुलाच्या जिवाला धोका असेल तर गुप्तता पाळायची नसते, हे मान्य. इथे तसं काहीच नव्हतं, मला फक्त बोलायचं होतं. तेव्हापासून त्याची वही तपासायला मागून घ्यावी लागते.

सुट्टीनंतर त्याला बाजूला घेऊन सांगितलं, मी चुकलो. हेतूबिेतू काही सांगितलं नाही. 'ठीक आहे सर,' म्हणाला आणि गेला. वही अजूनही मागावीच लागते.

पंधरा दिवसांनी मधल्या सुट्टीत तो स्टाफरूमच्या दाराशी आला. 'सर, गारा कुठपर्यंत बघितला?' तेव्हा माझी रॉक लीची लढत चालू होती. तसं सांगितलं.

'मग पुढचं सांगत नाही,' म्हणाला आणि पळाला.