ग्रुप सोडण्याआधी

आदिलाबाद,
डिसेंबर २०२५

चि. अमोल यास,


शाळेच्या मित्रांचा ग्रुप सोडायचं तुझ्या मनात आहे, असं तू कळवलंस. कारणही दिलंस. दिवसभर क्रिकेट, मधूनच कुणाच्या तरी फोटोखाली जोडलेल्या हातांची रांग, आणि उरलेल्या वेळात कापसाचा भाव नाहीतर कुठल्या कंपनीत जागा निघाल्या याची विचारपूस. यातलं आपल्या उपयोगाचं काहीच नाही, उलट कामातलं लक्ष उडतं, असं तुझं म्हणणं. मी ती तक्रार हलकी मानत नाही. हैदराबादेत राहून नोकरी करणाऱ्याला आपला वेळ जपावाच लागतो. पण ज्या बोलण्याला तू बिनकामाचं म्हणतोस, त्याबद्दल माझं मत अगदी वेगळं आहे. लांब लांब राहणाऱ्या मित्रांमधला विश्वास रोजच्या किरकोळ बोलण्यावरच टिकतो. गेलेल्यांची आठवण ठेवणं आणि एकमेकांच्या पोटापाण्याला उपयोगी पडणं, ही दोन्ही मोठी कामं त्याच बोलण्याच्या आधाराने होतात. ते वर्षभर बंद ठेवून गरजेच्या दिवशी एकदम सुरू करता येत नाही.

आपल्या भागातल्या माणसाला तर हे पटायला जड जाऊ नये. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार राज्यं झाली, तेव्हा हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्याचे किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि बाकीचा जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. बेला, जैनथ, तामसी, तलमडगू या मंडलांमधल्या घरांच्या सोयरिकी पैनगंगेच्या दोन्ही काठांना होत्या. नदीवर राज्याची हद्द आली म्हणून त्या तुटल्या नाहीत. लग्नकार्य, आठवडी बाजार, जत्रा, दवाखाना, बैलांची खरेदी या निमित्तांनी माणसं भेटत राहिली आणि भेटली की पाऊसपाण्याचं बोलत राहिली. २०१४ ला तेलंगणा वेगळा होऊन राज्य बदललं, ऑक्टोबर २०१६ मध्ये जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, तरी लोक आपल्या माणसांची खबर घेत राहिले. आता तुमची पिढी हैदराबाद, नागपूर, नांदेड, पुण्याला पांगली आहे. तुमचा आठवडी बाजार एकत्र भरत नाही. त्या बाजारात उभ्या उभ्या जे बोललं जायचं, ते तुम्ही फोनवर लिहिता. कुणी मराठीत, कुणी तेलुगूत, कुणी दोन्हींची मिसळ करून. मला त्यात काही उथळ दिसत नाही.

आधी खेळाचं बघू, कारण तुझा सगळ्यात जास्त राग त्यावर आहे. ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये मांडलं होतं की माणसं बोलतात त्यातलं पुष्कळसं बोलणं माहिती देण्यासाठी नसतंच. आपण एकमेकांच्या सोबत आहोत एवढं जाणवून देण्यासाठी असतं. तुमच्या वर्गातली पोरं आज कोण कुठे आहेत ते पाहा. एक जिनिंगमध्ये आहे, एक सरकारी शाळेत, एक तुझ्यासारखा संगणकापुढे, एकाने वडिलांची शेती धरली आहे. कमाई वेगळी, घरची भाषा वेगळी, पूजापाठ वेगळा. या सगळ्यांना एका पातळीवर बसून हक्काने भांडता येईल असा विषय कोणता? मागच्या महिन्यात २ नोव्हेंबरला नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून पहिल्यांदा विश्वचषक जिंकला. त्या संघात सांगलीची स्मृती मानधना होती, मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज होती आणि तुमच्या हैदराबादची अरुंधती रेड्डीही होती. त्या रात्री ग्रुपवर जे काही आलं असेल त्यात नवीन माहिती शून्य असेल, कारण सामना सगळ्यांनीच पाहिला. पण एरवी सहा-सहा महिने गप्प राहणाराही अशा रात्री चार शब्द लिहितो, आणि तो अजून आपल्यात आहे हे बाकीच्यांना कळतं. क्रिकेटचा कंटाळा आला असेल तर दुसरा खेळ काढ. यंदाच्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुषांचा आणि महिलांचा दोन्ही आपण जिंकले आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्रातले. शाळेच्या मैदानावर जो खेळ तुम्ही सगळे खेळलात, त्यावर तुमच्यातला प्रत्येक जण अधिकाराने बोलू शकेल.

खेळाच्या बोलण्यात एक खरा धोका आहे आणि तिथे मात्र मी तुझ्या बाजूने आहे. सामन्याची चर्चा पैशाच्या डावावर कधी घसरते ते कळत नाही. तेलंगणाने २०१७ मध्येच कायदा बदलून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, आणि या ऑगस्टमध्ये संसदेनेही देशभरासाठी तसा कायदा केला. तरी चोरवाटा राहतातच. ग्रुपवर कुणी असल्या ॲपचा दुवा टाकला तर तिथेच, सर्वांसमोर, ‘हे नको’ म्हणून लिही. कुणी कर्जात उतरलाय असं वाटलं तर त्याला वेगळा फोन कर. चार जणांसमोर त्याची लाज काढू नकोस. पण हे सांगायला तू ग्रुपमध्ये असायला हवास.

आता स्मरणाचं. यावर मला जास्त बोलायचं आहे. जोडलेल्या हातांच्या रांगेला तू कंटाळलास, आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ हे दोन शब्द न वाचता पुढे सारले जातात, हे खरं आहे. पण दोष आठवण काढण्यात नाही. त्या आठवणीत काहीच तपशील नसतो, तो दोष आहे. आपल्याच भागाची गोष्ट घे. गोंडांच्या बंडाचे नेते कुमरम भीम १९४० मध्ये जोडेघाटला निजामाच्या पोलिसांशी लढताना पडले. आदिवासी त्यांचा स्मृतिदिन इंग्रजी तारखेने पाळत नाहीत, आश्विन पौर्णिमेला पाळतात. आपल्या घरी त्याच रात्री कोजागिरीचं दूध आटत असतं. त्या बंडानंतर निजाम सरकारला गोंडांच्या हालअपेष्टांचा अभ्यास करून घ्यावा लागला, तो ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञांनी केला, आणि पुढे आदिवासींच्या जमिनी आणि शाळा यांचं काम उभं राहिलं. हायमेनडॉर्फ यांच्या पत्नीचं दफनही याच भागातल्या मारलवाई गावी झालं. एवढा सगळा इतिहास घरापासून एका दिवसात जाऊन येता येईल इतका जवळ असताना, बाहेरच्या लोकांना भीम हे नाव ठाऊक आहे ते २०२२ च्या एका तेलुगू चित्रपटामुळे, आणि त्यातली कथा तर उघडपणे काल्पनिक आहे. चित्रपट काढणाऱ्यांना मी दोष देत नाही. ज्यांना खरं माहीत आहे ते पौर्णिमेला नुसता फोटो टाकून थांबतात, दोन ओळी लिहीत नाहीत, म्हणून ती जागा रिकामी राहते आणि कुणीतरी ती भरतं.

इंद्रवेल्लीचं उदाहरण याहून जड आहे. २० एप्रिल १९८१ ला तिथे जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सरकारी आकडा तेरा मृत्यूंचा. गावांमधून सांगितला जाणारा आकडा त्याच्या कितीतरी पट. तिथे उभारलेला स्तंभ एकदा पाडलाही गेला आणि पुन्हा उभा राहिला, आणि अनेक वर्षं त्या तारखेला तिथे जमायलाच बंदी असे. मग इतकी वर्षं ती आठवण राहिली कशी? घरातल्या, बाजारातल्या, शेताच्या बांधावरच्या साध्या बोलण्यात राहिली. ज्या आठवणीला सभेत जागा नव्हती तिला गप्पांनी जागा दिली. आता त्या दिवशी तिथे असलेली माणसं थकली आहेत. तुमच्या ग्रुपमध्ये उटनूर, इंद्रवेल्लीकडचे मित्र आहेत. त्यांच्या आजोबांनी काय पाहिलं ते त्यांना विचार, आणि ते सांगतील तेव्हा ऐक. त्यांच्यावर आपलं मत लादू नकोस. किती वाजता, कुठल्या रस्त्याने, कोण सोबत होतं, असं काही लिहिलं गेलं तरच तेरा आणि कितीतरी पट यांच्यामधलं अंतर पुढे कुणाला तपासता येईल.

मित्रांच्या घरच्या दुःखातही हेच. कुणाचे वडील गेले की पहिल्या दिवशी ग्रुप भरून जातो आणि तेराव्यानंतर कुणी काही विचारत नाही. जमिनीचे कागद पाहायला शिकवणारं, खताची उधारी फेडणारं घरातलं एक माणूस गेलेलं असतं, आणि जड दिवस तेराव्यानंतरच सुरू होतात. तू पहिल्या दिवशी हात जोडलेस की नाही, हे कुणाला आठवणार नाही. दीड महिन्याने ‘काकांच्या नावावरची जमीन तुमच्या नावावर झाली का, काही अडलंय का’ असं विचारलंस तर ते आयुष्यभर लक्षात राहील. गेलेल्या माणसाबद्दल लिहायचं असेल तर त्याचा एक स्वभाव लिही, एक सवय लिही. वाचणाऱ्याला माणूस दिसला पाहिजे.

कामाच्या बाबतीत तर पुरावाच आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये दाखवलं की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी फक्त सुमारे १७ टक्के लोक त्या ओळखीच्या माणसाला वारंवार भेटत असत. बाकीच्यांना नोकरीची खबर देणारा अधूनमधून किंवा क्वचित भेटणारा माणूस होता. कारण उघड आहे: रोज सोबत असणाऱ्याला जे ठाऊक ते आपल्यालाही ठाऊक असतं, लांबचा माणूस वेगळ्या जगातून बातमी आणतो. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी लोकांच्या माहितीवरून झालेल्या अभ्यासातही नोकरी बदलायला सर्वांत उपयोगी पडल्या त्या मध्यम सैल ओळखीच. शाळेचा ग्रुप म्हणजे नेमक्या अशाच ओळखी. आणि फक्त नोकरदारांचं नाही. यंदा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे, पण भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, तो भाव ८ टक्के ओलाव्यापर्यंतच देते. त्यापुढे कपात, आणि १२ टक्क्यांच्या वर घेतच नाही. शिवाय यंदापासून ‘कपास किसान’ ॲपवर आधी नंबर लावावा लागतो. ‘आज काट्यावर ओलावा किती निघतोय’ हा तुझ्या मित्राचा प्रश्न तुला कंटाळवाणा वाटतो, पण त्याच्या उत्तरावर कुणीतरी ठरवतं की गाडी आज भरायची की दोन दिवस कापूस उन्हात पसरायचा. केरळच्या किनाऱ्यावर १९९७ पासून मोबाइल पोचले, तेव्हा काय झालं ते रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने तपासलं. आधी एका बंदरावर गिऱ्हाईक नाही म्हणून मासे फेकले जात आणि थोड्याच अंतरावर गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परते. कोळी समुद्रातूनच फोन करून भाव विचारू लागले आणि ही नासाडी जवळजवळ थांबली. त्यांनी एकमेकांना जे विचारलं तेच तुमच्या ग्रुपवर विचारलं जातं.

तू म्हणशील, मग कामापुरतं राहावं, बाकीचं कशाला? इथेच तुझा हिशेब चुकतो. वर्षभर गप्प राहून फक्त बायोडाटा पाठवायला उगवणाऱ्याला लोक उत्तर देतात, पण मनापासून खटपट करत नाहीत, आणि त्यात त्यांची चूक नाही. ज्याच्याशी सामन्यावरून भांडलो, ज्याने वडील गेल्यावर विचारपूस केली, त्याच्यासाठी माणूस साहेबाकडे शब्द टाकतो. मैत्री कामासाठी करावी असं मी म्हणत नाही. मैत्री असली की काम होतं, आणि नुसतं कामच असलं की तेही होत नाही, इतकंच.

दुसरा आक्षेप अफवांचा आणि तो गंभीर आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये जैनूरला दंगल उसळली तेव्हा सरकारला इंटरनेट बंद ठेवावं लागलं. असल्या वेळी फोनवरचा एक खोटा निरोप घर पेटवू शकतो. पण नीट पाहा: जो मजकूर आग लावतो तो मित्राने लिहिलेला नसतो, कुठून तरी आलेला असतो आणि मित्र तो नुसता पुढे ढकलतो. म्हणून माझा एकच आग्रह आहे. दुसऱ्याचं आलेलं पुढे पाठवू नकोस. स्वतः पाहिलेलं, स्वतः विचार केलेलं लिही आणि खाली आपलं नाव असल्यासारखं लिही. कुणी संशयास्पद काही टाकलं तर ‘हे तू पाहिलंस का?’ एवढं विचार. वेगवेगळ्या जाती-धर्मांची पोरं ज्या ग्रुपमध्ये आहेत, तिथून समजूतदार माणूस उठून गेला तर ते विचारायला कोण राहील?

वेळेची तुझी अडचण मात्र खरी आहे. तिच्यावर उपाय सोपा आहे. ग्रुपचा आवाज बंद ठेव, जेवण झाल्यावर एकदाच उघड, आणि ज्याला खरोखर उत्तर हवंय अशा एका तरी माणसाला उत्तर दे. सगळं वाचायचं बंधन नाही. फोटोंचे ढीग आपोआप उतरवणं बंद कर.

येत्या १८ जानेवारीला पुष्य अमावस्या आहे, केस्लापूरला नागोबाची जत्रा सुरू होईल. गोंडांमधल्या मेसराम कुळाची पूजा, मग दरबार. महाराष्ट्र आणि छत्तीसगडातूनही लोक येतात. तो रविवार आहे, म्हणजे रजेची अडचण नाही. कोण कोण येणार ते ग्रुपवर तूच विचार, आणि गाडीत जागा किती आहे तेही कळव. बेल्याकडचे दोघे-तिघे माझ्यासोबत येऊ शकतील.

तुझा,
मामा