बॉनेटखालची झाकणं

चि. मुक्ता,


गाडीचे पेढे पोचले. जुनी का असेना, स्वतःच्या पैशांची आहे, त्याचं कौतुक वाटलं. तुझ्या आईला काळजी रस्त्याची, मला बॉनेटची. ‘सगळं गॅरेजवाला बघेल’ असं तू फोनवर म्हणालीस म्हणून हे पत्र. तो सहा महिन्यांनी बघेल, मधले दिवस तुझे.

वाकड-हिंजवडी रस्त्यावर गाडी चालते कमी, उभी जास्त. उभ्या गाडीला समोरून वारा नाही, म्हणजे इंजिन थंड ठेवायची सगळी भिस्त पंख्यावर आणि कूलंटवर. कूलंटची दुधी रंगाची टाकी दिसेल, तिच्यावर दोन रेघा आहेत. इंजिन थंड असताना पातळी त्यांच्यामध्ये हवी. तापलेल्या गाडीचं झाकण उघडायचं नाही. आत दाब असतो, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. कमी असेल तर तुमच्या सोसायटीचं टँकरचं किंवा बोअरचं पाणी ओतू नकोस. नळाच्या तोट्यांवर जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. तयार मिसळलेलं कूलंट आण, आणि हिरवं-गुलाबी बघून ठरवू नकोस. रंग कंपनी ठरवते. कोणतं चालेल ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं.

काच धुण्याच्या पाण्याची टाकी कित्येकदा अगदी शेजारीच असते, आणि तिचं झाकणही तितकंच साधं दिसतं. तिथे घोटाळा होतो. झाकणावरचं चित्र बघ: काच आणि फवारा असेल तरच साबणपाणी. आणि हो, सांडलेलं कूलंट लगेच पुसून घे. ते चवीला गोड आणि विषारी असतं, पार्किंगमधली कुत्री चाटतात.

इंजिन ऑइल तपासायला गाडी सपाट जागी लाव, बंद करून दहा मिनिटं थांब. पट्टी काढ, फडक्यानं पूस, पूर्ण आत घाल, पुन्हा काढ. पहिल्यांदा काढलेल्या पट्टीवर विश्वास ठेवू नये, तिच्यावर तेल वरपर्यंत फासलेलं असतं. दोन खुणांच्या मधे असेल तर हात लावू नकोस. लहान गाड्यांत खालच्या खुणेपासून वरच्यापर्यंत साधारण लिटरभरच लागतं, म्हणून ‘ताई, एक लिटर टाकून टाकू?’ असं कोणी विचारलं तर आधी पट्टी दाखवायला सांग. जास्त झालेलं तेल आत घुसळून फेसाळतं, आणि फेसानं वंगण होत नाही. तेल नाना पेठेतून घे नाहीतर घराजवळ, पण सीलबंद डबा आपल्या डोळ्यांसमोर फोडून घ्यायचा.

आता ब्रेक ऑइल. इथे मात्र मी हट्टी आहे. पावसाळ्यात तुम्ही मंडळी सिंहगडावर जाणारच. भजी खाऊन उतरताना पाय सतत ब्रेकवर ठेवला की चाकाशी भयंकर उष्णता तयार होते. डॉट ४ प्रतीचं नवं ब्रेक ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतली ओल शोषतं, आणि पुरेसं पाणी मुरलं की हीच मर्यादा १५५ च्या आसपास येऊ शकते. उकळलं की नळीत वाफ, आणि पेडल दाबलं तर पाय सरळ खाली. म्हणून ते दोन वर्षांनी बदलायचं, आणि उतारावर खालचा गिअर ठेवायचा. नवले पुलाच्या उतारावर नोव्हेंबर २०२२ मध्ये एका मालट्रकनं किती गाड्या ठोकल्या ते तू बातम्यांत पाहिलंच आहेस. उतारावर इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडून इंधन वाचवणाऱ्यांच्या गाडीत तू बसायचंसुद्धा नाही.

ब्रेकच्या टाकीत चुकून इंजिन ऑइल गेलं तर आतली रबरी सीलं फुगतात आणि सगळे भाग बदलावे लागतात. पातळी हळूहळू उतरली तर बहुधा ब्रेक पॅड झिजलेत, एकदम उतरली तर गळती आहे. दोन्ही वेळा वरून भर घालून गप्प बसणं हा मूर्खपणा. गाडीच्या रंगावर ब्रेक ऑइलचा एक थेंब पडला तरी पाण्यानं धू, नाहीतर रंग सोलून निघतो.

तुझी पेट्रोल आहे, पण बाबांची नवी गाडी डिझेल आहे आणि तू ती अधूनमधून नेतेस. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांपैकी अनेकांना डिझेलखेरीज निळ्या झाकणाची वेगळी टाकी असते. त्यात साडेबत्तीस टक्के युरियाचं द्रावण भरतात, धूर स्वच्छ करायला. काही गाड्यांत ते झाकण डिझेलच्या अगदी शेजारी असतं. पंपावर खिडकीतून किल्ली देऊन मोबाइल बघत बसू नकोस, खाली उतर. हे द्रावण डिझेलमध्ये गेलं, किंवा डिझेल गाडीत पेट्रोल भरलं गेलं, तर किल्ली फिरवायचीच नाही. इंजिन चालू झालं नसेल तर टाकी रिकामी करून बहुतेक वेळा निभावतं, चालू केलंस तर पंप आणि इंजेक्टर गेले. मागच्या गाड्या हॉर्न वाजवतील, वाजवू देत. पोरांना हाक मारून गाडी ढकलत बाजूला घे आणि मला फोन कर.

रविवारी ये. गाडीचं पुस्तक आण, डिकीत पडलं असेल.

तुझा,
मामा