‘पुढे जे घडलं ते पाहून थक्क व्हाल!’ : क्लिकबेट ओळखूया



मागच्या आठवड्यात आमच्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका आईने पोस्ट टाकली : ‘सर्व विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप! आज शेवटची तारीख!’ अर्ध्या तासात काही पालकांनी लिंक उघडली, दोघांनी तर आधार क्रमांकही भरला. त्यांना वेडं म्हणायचं का? मुलांसाठी काही मिळतंय म्हटल्यावर कोणीही हात पुढे करणारच. पोस्ट लिहिणाऱ्याला नेमकं हेच ठाऊक असतं.

क्लिकबेट म्हणजे गळाला लावलेलं आमिष. शीर्षक उत्सुकता चाळवतं, पण माहिती देत नाही. आपण क्लिक केलं की पानावरच्या जाहिराती दिसतात आणि पान चालवणाऱ्याला पैसे मिळतात. कधी कधी मात्र आपली माहितीच चोरीला जाते.

ओळखायचं कसं?

१. मुख्य गोष्ट लपवलेली असते : ‘या अभिनेत्याने असं काही केलं की…’ कोणी, काय केलं, हे सांगितलेलंच नसतं.
२. घाई, भीती किंवा फुकटाचा मोह दाखवलेला असतो.
३. ‘१० जणांना पाठवा, मगच फॉर्म उघडेल’ अशी अट असते. खरी सरकारी योजना असं कधीच सांगत नाही.
४. लिंकचा पत्ता विचित्र असतो. सरकारी संकेतस्थळाचं नाव बहुधा ‘डॉट गव्ह डॉट इन’ किंवा ‘डॉट एनआयसी डॉट इन’ने संपतं.

शंका आली तर केंद्र सरकारचं ‘पीआयबी फॅक्ट चेक’ पाहा. मोफत लॅपटॉपचे असे संदेश खोटे असल्याचं त्यांनी अनेकदा जाहीर केलं आहे. पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर फोन करा.

वर्गासाठी एक उपक्रम : एका साध्या बातमीला मुलांकडून दोन शीर्षकं लिहून घ्या. एक सरळ – ‘पावसामुळे उद्या शाळेला सुट्टी’. दुसरं आमिषाचं – ‘उद्या शाळेत काय होणार? वाचून उडीच माराल!’ मग विचारा, बातमी कोणत्या शीर्षकातून कळली? स्वतः गळ तयार करणारं मूल सहसा गळाला लागत नाही.

आणि हो, त्या आईला मी ग्रुपवर काही बोललो नाही, फोन केला. तिने स्वतःच पोस्ट काढली आणि लिहिलं, ‘ती पोस्ट खोटी होती, माझं चुकलं. लिंक उघडू नका.’ मुलांना शिकवण्याआधी आपण मोठ्यांनी गिरवायचा धडा हाच, नाही का?