शेततळ्याला कुंपण कसे असावे?

क्षेत्रफळाच्या दृष्टीने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा कोणता? उत्तर तुम्हांला ठाऊकच असेल : अहमदनगर. २०२४ साली त्याचे नाव अहिल्यानगर झाले. या जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस धो धो कोसळतो. पण तेथून पूर्वेकडे निघालात की पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड हा सारा मुलूख पर्जन्यछायेत येतो. पावसाळ्यात मिळालेले पाणी उन्हाळ्यासाठी राखून ठेवल्याशिवाय येथे फळबाग जगत नाही. म्हणून शेतकऱ्यांनी शेततळी खणली. २०१६ साली राज्य शासनाने 'मागेल त्याला शेततळे' ही योजना सुरू केल्यावर त्यांची संख्या आणखी वाढली. पाणी जमिनीत मुरू नये म्हणून पुष्कळ तळ्यांना आतून प्लॅस्टिकचा कागद अंथरतात. हा कागद बहुधा ५०० मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो.

या कागदाने डाळिंबाच्या बागा वाचवल्या. पण त्याच कागदामुळे शेततळे विहिरीइतकेच, काही बाबतींत तिच्याहूनही अधिक धोक्याचे झाले आहे. चांगले पोहणारी माणसेसुद्धा शेततळ्यात बुडतात. असे का होते, आणि ते टाळण्यासाठी कुंपण कसे असावे, याचा आज आपण विचार करू. त्यासाठी तुम्ही शाळेत शिकता तेवढे विज्ञान पुरेसे आहे.

तळ्यात पाणी किती?

समजा, तळे वरच्या काठाशी ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल आहे, आणि बाजूंचा उतार १:१ आहे. म्हणजे १ मीटर खाली गेलो की आपण १ मीटर आत सरकतो. मग ३ मीटर खोलीवर प्रत्येक बाजू ३ मीटर आत येईल व तळाचा चौरस २४ × २४ मीटर होईल. मधोमध, दीड मीटर खोलीवर, चौरस २७ × २७ मीटरचा असेल. आता घनफळ काढू :

घनफळ = (३ ÷ ६) × (९०० + ५७६ + ४ × ७२९) = २,१९६ घनमीटर.

म्हणजे जवळजवळ २२ लाख लिटर पाणी! शहरातील घरामागच्या पोहण्याच्या तलावापेक्षा हे कितीतरी पट अधिक आहे. शिवाय अशा तलावाला पायऱ्या असतात, एका बाजूला उथळ पाणी असते, धरायला दांडा असतो. शेततळ्यात यांतले काहीच नसते.

बाहेर का येता येत नाही?

उतारावर उभ्या असलेल्या माणसाचे वजन व आहे आणि उताराचा कोन θ आहे असे समजा. त्याला खाली ओढणारे बल व × sin θ इतके असते. त्याला धरून ठेवणारे घर्षणबल जास्तीत जास्त μ × व × cos θ इतके असते. येथे μ म्हणजे घर्षणगुणांक. माणूस घसरू नये यासाठी दुसरे बल पहिल्याइतके किंवा त्याहून मोठे हवे. दोन्ही बाजूंना व × cos θ ने भागले की मिळते :

μ ≥ tan θ

या सूत्रात वजन उरलेच नाही, हे लक्षात घ्या. याचा अर्थ असा, की किडकिडीत मुलगा असो की धिप्पाड पैलवान, दोघेही सारखेच घसरणार. उतार १:१ असेल तर θ = ४५° आणि tan θ = १. तळे थोडे पसरट, १.५:१ उताराचे असेल तर tan θ = ०.६७. ओल्या प्लॅस्टिकचा, त्यातून त्यावर शेवाळ धरले असेल तर, घर्षणगुणांक या आकड्यांच्या जवळपासही जात नाही. म्हणून वर चढण्याची प्रत्येक धडपड माणसाला पुन्हा पाण्यातच आणून सोडते.

आणखी एक गोष्ट पाहा. पाण्यात असताना उत्प्लावक बल आपल्याला उचलून धरते. त्यामुळे पाय उतारावर नीट टेकतच नाहीत. शरीर जसजसे पाण्याबाहेर येते, तसतसा हा आधार सुटतो व वजन परत येते. म्हणजे माणूस पाण्याच्या काठाशी पोहोचतो तेव्हाच त्याला सर्वांत जास्त जोर लावावा लागतो, आणि तोवर तो दमलेला असतो.

करून पाहा

हा प्रयोग शाळेत किंवा अंगणात करा. तळ्यावर मुळीच नाही. सुमारे एक मीटर लांबीची फळी घ्या. तिच्यावर जाड प्लॅस्टिकचा तुकडा ताणून बसवा. एका विटेखाली जुन्या रबरी चपलेचा तळ बांधा व ती वीट फळीवर ठेवा. आता फळीचे एक टोक हळूहळू उचला. वीट घसरू लागताच थांबा. उचललेल्या टोकाची जमिनीपासूनची उंची आणि त्या टोकाच्या बरोबर खालच्या जमिनीवरील बिंदूपासून फळीच्या टेकलेल्या टोकापर्यंतचे अंतर मोजा. उंचीला या अंतराने भागले की घर्षणगुणांक मिळतो. समजा उंची २५ सेंमी व अंतर ९७ सेंमी आले, तर घर्षणगुणांक सुमारे ०.२६ झाला. हाच प्रयोग कोरड्या प्लॅस्टिकवर, ओल्या प्लॅस्टिकवर आणि साबणपाणी लावलेल्या प्लॅस्टिकवर करा. मग विटेवर दुसरी वीट ठेवून पाहा. कोन बदलतो का?

कुंपणाची चार मापे

तळ्यात पडल्यावर बाहेर येणे इतके कठीण असेल, तर पडूच न देणे हा खरा उपाय. ऑस्ट्रेलियात पुष्कळ घरांना पोहण्याचे तलाव असतात. तेथील राज्यांनी तलावाच्या कुंपणाविषयी कायदे केले आहेत. न्यू साउथ वेल्सचा असा कायदा १९९२ चा आहे. तेथील मापे लहान मुलांच्या शरीराचा विचार करून ठरवलेली असल्यामुळे ती आपल्या शेततळ्यालाही उपयोगी पडतात.

१. उंची किमान १.२ मीटर. सरळ उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य साधारणपणे बेंबीच्या पातळीवर असतो. अडथळा त्याहून ठेंगणा असेल तर वाकलेला माणूस त्यावरून उलटा होऊ शकतो. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे असते, म्हणून ते वाकले की तोल फार लवकर जातो. १.२ मीटरचे कुंपण लहान मुलाच्या डोक्यापेक्षाही उंच असते.

२. फट १० सेंमीपेक्षा मोठी नको. उभ्या सळ्यांमधील फट असो की कुंपणाखालची, तीतून लहान मुलाचे अंग जाता कामा नये. काटेरी तारेच्या तीन-चार आडव्या ओळी एवढेच कुंपण असेल, तर ते या कसोटीला उतरत नाही. दोन तारांमधून मूल सहज आत जाते. ते गुरे अडवणारे कुंपण आहे, मुले अडवणारे नव्हे. जाळीचे कुंपण अधिक चांगले. मात्र जाळीचे घर इतके बारीक हवे की त्यात पायाचा चवडा अडकवून वर चढता येऊ नये.

३. कुंपणाजवळ चढायला आधार नको. ऑस्ट्रेलियातील नियमांनुसार कुंपणाच्या वरच्या भागाभोवती ९० सेंमीपर्यंत पाय ठेवण्याजोगी वस्तू चालत नाही. आपल्याकडे कुंपणाला लागूनच खताचे पिंप, पाइपांचा ढीग, मोटारीची पेटी किंवा मुरमाचा ढिगारा असतो. १.२ मीटरच्या कुंपणाशेजारी ६० सेंमीचे पिंप ठेवले, की कुंपणाची उंची अर्धीच उरली म्हणून समजा.

४. फाटक आपोआप मिटणारे हवे. ते बाहेरच्या बाजूला, म्हणजे पाण्यापासून दूर, उघडावे. असे असले म्हणजे मुलाने बाहेरून ढकलले तरी ते उघडत नाही. कडी सुमारे दीड मीटर उंचीवर हवी. तारेच्या वेटोळ्याने बांधलेले फाटक कामाच्या घाईत उघडेच राहते. आपोआप मिटण्यासाठी महागडी स्प्रिंग लागते असे नाही. फाटकाला दोरी बांधून ती कप्पीवरून न्या व दुसऱ्या टोकाला दगड टांगा. फाटक उघडताना दगड वर जातो व स्थितिज ऊर्जा साठते. हात सोडला की तीच ऊर्जा फाटक मिटवते.

आता खर्चाचा अंदाज काढू. आपल्या ३० मीटरच्या तळ्याभोवती, काठापासून ३ मीटर दूर कुंपण घातले तर त्याची प्रत्येक बाजू ३६ मीटर होईल आणि एकूण लांबी १४४ मीटर. दर ३ मीटरला एक खांब धरला तर ४८ खांब लागतील. गावातील दुकानात जाळीचा व खांबाचा दर विचारा आणि हिशेब पुरा करा. शेततळ्याच्या मंजुरीपत्रातील अटीही घरच्यांकडून मागून वाचा; कुंपणाविषयी त्यांत काय म्हटले आहे ते पाहा.

विहीर आणि बोअरवेल

हाच विचार विहिरीच्या कठड्यालाही लागू आहे. गुडघ्याएवढा कठडा माणसाला अडवत नाही. उलट त्याला अडखळवून आत पाडतो. बोअरवेलचे तोंड अरुंद असल्यामुळे ते निरुपद्रवी वाटते. पण मार्च २०२३ मध्ये कर्जत तालुक्यातील कोपर्डी येथे पाच वर्षांचा एक मुलगा बोअरवेलमध्ये पडला, आणि त्याला वाचवता आले नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच याबाबत नियम घालून दिले आहेत. बोअर घेण्याच्या किमान १५ दिवस आधी अधिकाऱ्यांना कळवावे, काम चालू असताना भोवती काटेरी तारेचे कुंपण घालावे, केसिंग पाइपाभोवती ०.५० × ०.५० × ०.६० मीटरचा काँक्रीटचा ओटा बांधावा (त्यांतला ०.३० मीटर जमिनीच्या वर), पाइपाला घट्ट झाकण बसवावे आणि सोडून दिलेली बोअर तळापासून वरपर्यंत भरून काढावी, असे ते नियम सांगतात.

सोडून दिलेल्या विहिरीत आणखी एक न दिसणारा धोका असतो. एप्रिल २०२४ मध्ये नेवासे तालुक्यातील वाकडी येथे जुन्या विहिरीचा उपयोग गोबरगॅसच्या खड्ड्यासारखा केला जात होता. तीत पडलेल्या मांजराला वाचवायला एकामागून एक माणसे उतरली आणि पाच जण दगावले. शेण कुजताना मिथेन, कार्बन डायऑक्साइड व हायड्रोजन सल्फाइड हे वायू तयार होतात. अशा खड्ड्यात श्वास घेण्याजोगी हवाच उरत नाही. तेथे वाचवायला उतरणारासुद्धा क्षणात बेशुद्ध पडतो.

कुंपणाची निगा

कुंपण एकदा घातले म्हणजे काम संपले असे नाही. पहिल्या दोन पावसाळ्यांत भरावाची माती खचते व जाळीखालची फट वाढते. कुत्री तेथे उकरतात. खांब हलू लागतात. कारण वरच्या टोकाला दिलेल्या धक्क्याचा परिणाम तरफेप्रमाणे मुळाशी अनेक पटींनी जाणवतो. जाळीवरचा जस्ताचा थर लोखंडाऐवजी स्वतः झिजतो. तो संपला की गंज चढतो. म्हणून वर्षातून दोनदा, मृगापूर्वी आणि दिवाळीनंतर, मोठ्या माणसाला बरोबर घेऊन कुंपणाबाहेरून एक फेरी मारा. पुठ्ठ्याची १० सेंमी व्यासाची चकती जवळ ठेवा. जेथून ती पलीकडे जाते, तेथे खूण करा.

कुणी पडलेच तर

पाण्यात उडी मारू नका. शेततळ्यात उडी घेणारासुद्धा त्याच उतारावर अडकतो. आरडाओरडा करून माणसे जमवा, ११२ किंवा १०८ ला फोन करा आणि तरंगणारी वस्तू फेका. माणसाच्या शरीराची घनता पाण्याइतकीच असते म्हटले तरी चालेल; त्याला फक्त डोके वर ठेवण्यापुरता, सुमारे ५ किलोग्रॅम भार पेलणारा आधार हवा. झाकण घट्ट लावलेला ५ लिटरचा रिकामा कॅन जवळजवळ तेवढा आधार देतो. २० लिटरचा असला तर उत्तमच.

म्हणूनच प्रत्येक शेततळ्यात चारही बाजूंना, काठावरच्या भक्कम खांबाला बांधलेला दोर पाण्यात सोडलेला असावा व त्याला दर ३० सेंमीवर गाठी असाव्यात. ४५ अंशांच्या निसरड्या उतारावर ४० किलोग्रॅम वजनाच्या मुलाला स्वतःला धरून ठेवायला सुमारे २८ किलोग्रॅम भाराइतका जोर लागतो. ओला, गुळगुळीत दोर हातातून निसटतो. गाठ निसटू देत नाही.

बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगणे, गरगर फिरवणे किंवा पोट दाबून पाणी काढणे हे प्रकार करू नयेत. त्यात मोलाची मिनिटे वाया जातात. त्याचा श्वास चालत नसेल तर तोंडाने श्वास देणे व छाती दाबणे लगेच सुरू करावे लागते. ही कृती शाळेत डॉक्टरांना बोलावून सर्वांनी शिकून घ्यावी, अशी शिक्षकांना विनंती.

सोडवा पाहू

१. बाजूंचा उतार २:१ (२ मीटर आत, १ मीटर खाली) केला तर न घसरण्यासाठी घर्षणगुणांक किमान किती हवा?
२. ३० मीटरच्या याच तळ्याला २:१ उतार व ३ मीटर खोली ठेवली तर किती पाणी मावेल? सुरक्षितपणासाठी किती पाणी सोडावे लागले?
३. तुमच्या गावातील शेततळ्यांची, विहिरींची व बोअरवेलची यादी शिक्षकांच्या मदतीने करा. प्रत्येकापुढे चार रकाने आखा : उंची, फट, चढण्याचा आधार, फाटक. ज्या ठिकाणी एकही रकाना रिकामा राहील, त्याची माहिती ग्रामपंचायतीला लेखी द्या.