संपादकाच्या दारांतील गर्दी

विद्यार्थी हो, गांवच्या टपालपेटींत रोज वीस पत्रें पडत असलीं तर पोस्टमन तीं वेळेवर पोंचवितो. उद्यां कोणी खोडसाळपणानें त्याच पेटींत रोज हजार निरर्थक पत्रें टाकूं लागला, तर तुमचें पत्र कोणी चोरणार नाहीं, फाडणार नाहीं; तरी तें वेळेवर पोंचावयाचें नाहीं. इंटरनेटवर सध्यां असाच प्रकार चालला आहे. त्याचें कारण समजून घेणें हा या पाठाचा विषय आहे.

‘बॉट’ या शब्दानें भिऊन जाण्याचें कारण नाहीं. तो कांहीं हातपाय असलेला लोखंडी राक्षस नव्हे. माणसानें करावयाचें काम संगणकावर आपोआप करणारा तो एक प्रोग्रॅम होय. शोधयंत्रांचे बॉट जगांतील पानें धुंडाळून त्यांची सूची करितात, म्हणूनच आपणांस हवी ती माहिती क्षणांत सांपडते. तेव्हां सगळेच बॉट वाईट असें समजूं नये. परंतु ३० नोव्हेंबर २०२२ रोजीं चॅटजीपीटी लोकांपुढें आलें आणि एक नवीनच परिस्थिति उत्पन्न झाली. अगणित लेख व ग्रंथ यांवरून, एका शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हें अशा यंत्रानें शिकून घेतलेलें असतें. त्या जोरावर तें थोडक्या वेळांत पानेंच्या पानें लिहून देतें. लिहिण्यास श्रम नाहींत, आणि खर्चही जवळजवळ नाहीं. वाचणाऱ्यास मात्र पूर्वीइतकाच वेळ लागतो. सर्व अनर्थाचें मूळ या विषमतेंत आहे.

याचें एक उदाहरण पाहूं. अमेरिकेंत ‘क्लार्क्सवर्ल्ड’ नांवाचें, विज्ञानकथा व अद्भुतकथा यांस वाहिलेलें मासिक २००६ सालापासून निघत आहे. कोणत्याही देशांतील, कितीही अप्रसिद्ध लेखकानें कथा पाठवावी व ती पसंत पडल्यास त्यास दर शब्दामागें (२०२३ सालीं बारा सेंट) मोबदला मिळावा, असा त्याचा परिपाठ. जेथें गूळ तेथें मुंगळे यावयाचेच! घरबसल्या कमाईचा मार्ग शिकविणाऱ्या कांहीं उपदेशकांनीं, यंत्राकडून कथा लिहवून त्या मासिकांस विकाव्या, अशी युक्ति लोकांस सांगितली. फेब्रुवारी २०२३ च्या पहिल्या वीस दिवसांत या मासिकाकडे माणसांनीं लिहिलेल्या सुमारें ७०० व यंत्रानें लिहिलेल्या सुमारें ५०० कथा आल्या. ता. २० रोजीं संपादक नील क्लार्क यांनीं नवीन कथा घेणेंच बंद केलें.

त्या ५०० कथा सरस होत्या म्हणून खरे लेखक मागें पडले, असें मुळींच नव्हे. संपादकांच्या मतें त्या अगदींच टाकाऊ होत्या. त्यांनीं स्पर्धा जिंकली नाहीं. परीक्षकाचा वेळ खाल्ला, आणि तेवढें पुरेसें झालें.

मग उपाय काय? कथेबरोबर फी घ्यावी, तर गरीब देशांतील लेखक दारांतूनच परत जाणार. ओळखीच्याच लेखकांच्या कथा घ्याव्या, तर नवीन लेखक पुढें येणार कसा? कांहीं देशांतून येणारें लेखन सरसकट नाकारावें, तर तेथील प्रामाणिक माणसास विनाअपराध शिक्षा. क्लार्क यांस हे मार्ग पसंत पडले नाहींत, आणि माझ्या मतें तें योग्यच झालें. कारण या प्रत्येकांत अपराध एकाचा व दंड दुसऱ्यास, आणि तो दुसरा बहुधा नवखा, निर्धन व अपरिचित. म्हणजे उद्यां आपली पहिली कथा पाठवूं पाहणारे तुम्हीच.

पुस्तकांच्या बाजारांतही हीच अवस्था. सप्टेंबर २०२३ मध्यें ॲमेझॉननें आपल्या व्यवस्थेंतून स्वतः पुस्तकें प्रसिद्ध करणाऱ्यांस दिवसाकांठीं तीन नवीन पुस्तकांची मर्यादा घातली. दिवसास तीन पुस्तकें! ही मर्यादा म्हणावयाची, यावरूनच पुराची कल्पना यावी.

यंत्रानें लिहिलेलें यंत्रानेंच ओळखावें, ही कल्पना मोहक खरी. पण २०२३ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांतील संशोधकांनीं अशा सात साधनांची परीक्षा घेतली. इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्यांनीं टोफेल परीक्षेसाठीं लिहिलेले ९१ निबंध त्यांपुढें ठेवले. सरासरीनें निम्म्याहून अधिक निबंध यंत्राचे ठरले! परक्या भाषेंत लिहिणारा मनुष्य सोपे, ठराविक शब्द वापरतो. हाच त्याचा गुन्हा. आपलें मूल रात्रीं जागून इंग्रजी निबंध जुळवितें, हें ज्या पालकांनीं पाहिलें असेल, त्यांनीं या गोष्टीचा अवश्य विचार करावा.

मार्च २०२३ मध्यें क्लार्क्सवर्ल्डचें दार पुन्हां उघडलें. ई-मेलांतील निरुपयोगी टपाल वेगळें काढण्याची जी रीत आहे, तिच्या धर्तीवर क्लार्क यांनीं एक चाळणी तयार केली. संशयास्पद कथा फेकून न देतां रांगेच्या शेवटीं ठेवावयाच्या, अशी ती व्यवस्था. त्या ढिगांत एखादी कथा खऱ्या माणसानें लिहिलेली असूं शकते. तिचा लेखक कोठेंतरी उत्तराची वाट पाहत बसलेला असतो.